उष्ण-उपोष्ण किनाऱ्यावरील गळाची मासेमारी : कोष्टकातील भरती आणि प्रत्यक्षातील पाणी

धागाकर्ता : उभा_किनारा

साधारणपणे २३ ते ३५ अंश अक्षवृत्तांच्या दरम्यान येणाऱ्या उष्ण किनाऱ्यांवर गळाने मासेमारी करणारे बहुतेक जण भरती-ओहोटीचे कोष्टक आणि चंद्राची तिथी पाहून दिवस ठरवतात. प्रत्यक्षात मात्र तीच तिथी, तीच भरतीची वेळ आणि तीच जागा असूनही एका पंधरवड्यात पाणी माशांनी भरलेले असते आणि पुढच्या पंधरवड्यात तेथे हालचालही दिसत नाही. हा नशिबाचा भाग आहे, असे म्हणून विषय सोडून देणे मला पटत नाही. कोष्टक पाण्याची उंची सांगते, परंतु मासा उंचीला प्रतिसाद देत नसून पाण्याच्या वेगाला, तापमानाला आणि त्यात विरघळलेल्या प्राणवायूला देतो, असे माझे मत आहे. या तीन गोष्टी कोष्टकाशिवाय कशा ओळखाव्यात आणि त्यांपैकी कोणती आधी पाहावी, यावर जाणकारांनी लिहावे. बंदिस्त खाजणे, खाडीची मुखे आणि उघडा वाळूचा किनारा या तिन्हींचे नियम वेगवेगळे असावेत असे वाटते, म्हणून प्रतिसाद देताना आपण कोणत्या पाण्याविषयी बोलत आहात ते कृपया नमूद करावे.

बाराव्वा_हिस्सा

मी खाडीच्या मुखापुरते लिहितो. दिवसातून दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर ओहोटीपासून भरतीपर्यंत सुमारे सव्वासहा तास लागतात आणि या काळात पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. ढोबळ हिशेब असा की पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन हिस्से, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक हिस्सा चढतो. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी चढते. उधाणाच्या दिवसांत हा मधला प्रवाह इतका जोरदार असू शकतो की आमिष तळाशी टिकत नाही, आणि भांगाच्या (भरती-ओहोटीतील फरक सर्वांत कमी असतो त्या) दिवसांत तो इतका मंद असतो की लहान मासे आणि कोळंबी वाहून आणण्याचे काम तो करीतच नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की खाडीच्या मुखात पूर्ण भरतीची वेळ आणि प्रवाह थांबण्याची वेळ एक नसते. आत विस्तीर्ण खाजण आणि बाहेर पडायला अरुंद मुख असेल, तर समुद्रात पूर्ण भरती झाली तरी आतील पातळी अजून खाली असते, त्यामुळे पाणी आत शिरतच राहते. हा फरक काही ठिकाणी काही मिनिटांचा, तर काही ठिकाणी एक-दोन तासांहून अधिक असतो. मुखाजवळ दबा धरून बसणारे मासे ओहोटी सुरू झाल्यावर आतून वाहून येणाऱ्या भक्ष्याची वाट पाहतात. कोष्टकात ओहोटी लागलेली आहे, पण पाणी अजून आत चाललेले आहे, अशा वेळी कंटाळून निघून जाणारे लोक बरेच दिसतात. अशा जागी प्रवाहाचे स्वतंत्र कोष्टक उपलब्ध असल्यास तेच पाहावे, आणि नसल्यास पाण्यावर तरंगणाऱ्या पानाकडे पाहणे हे उंचीच्या कोष्टकापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.

नवी_काठी

एक प्राथमिक शंका आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, हा नियम तरी सर्व उपोष्ण किनाऱ्यांना लागू आहे, असे मानावे का?

बाराव्वा_हिस्सा

नाही. मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी दिवसातून एकच भरती आणि एकच ओहोटी येते, आणि दोन्हींमधील फरकही सहसा अर्धा मीटर किंवा त्याच्या आसपास असतो. एकेरी भरतीचा जोर चंद्राच्या कलेवर अवलंबून नसून चंद्र विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे यावर अवलंबून असतो. चंद्र विषुववृत्तापासून सर्वांत दूर असताना तेथे पाण्याची चढ-उतर सर्वाधिक असते आणि तो विषुववृत्तावर असताना पाणी जवळजवळ स्थिर राहते. हे चक्र सुमारे १३.७ दिवसांचे असल्यामुळे ते तिथीच्या चक्राच्या मागेपुढे सरकत जाते. तेथे पौर्णिमा पाहून दिवस ठरवणारा माणूस वर्षातील काही महिने अचूक ठरतो आणि उरलेले महिने चुकतो, आणि अचूक ठरलेले महिने त्याच्या लक्षात राहतात.

जिथे भरती सव्वाबारा ते साडेबारा तासांच्या अंतराने दोनदा येते, तिथे आपला नियम ढोबळमानाने बरोबर आहे. मात्र तिथेही सर्वांत मोठे उधाण प्रत्यक्ष तिथीच्या एक-दोन दिवसांनंतर येते.

खाजणवासी

बंदिस्त खाजणांविषयी लिहिताना भरतीचा विषय मी जवळजवळ बाजूलाच ठेवेन. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरील इंडियन रिव्हर हे खाजण लांबच लांब आणि उथळ आहे. समुद्राला जोडणाऱ्या मोजक्या मुखांपासून दूर गेले की तेथे चंद्रामुळे होणारी चढ-उतर नगण्य राहते आणि पाण्याची पातळी वारा ठरवतो. दोन दिवस उत्तरेचा वारा लागला की पाणी दक्षिण टोकाला जमा होते आणि उत्तरेकडील उथळ पट्टे उघडे पडतात. अशा पाण्यात भरतीचे कोष्टक पाहण्यापेक्षा मागील ४८ तासांच्या वाऱ्याची नोंद पाहणे उपयोगी ठरते.

आता प्राणवायूकडे वळतो, कारण धागाकर्त्यांनी तो तिसऱ्या क्रमांकावर ठेवला असला तरी उन्हाळ्यात मी त्याला पहिला क्रमांक देईन. समुद्राच्या पाण्याची क्षारता हजारी ३५ धरल्यास २० अंश सेल्सिअस तापमानाला ते पाणी दर लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते, आणि ३० अंशांना ही मर्यादा सुमारे ६.२ मिलिग्रॅमपर्यंत उतरते. दुसरीकडे तापमान वाढले की माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे पुरवठा कमी आणि मागणी जास्त, अशी दुहेरी ओढाताण होते. त्यात समुद्री गवताने भरलेल्या खाजणात दिवसा गवत आणि शेवाळे प्राणवायू सोडतात, परंतु रात्री तेही तो शोषून घेतात. त्यामुळे वारा पडलेल्या उष्ण रात्रीनंतर प्राणवायूची पातळी पहाटे सर्वांत खाली असते.

‘उन्हाळ्यात पहाटेच जावे’ हा सल्ला उघड्या किनाऱ्याला योग्य आहे, कारण तेथे फुटणाऱ्या लाटा पाण्यात सतत हवा मिसळत असतात. बंदिस्त खाजणात मात्र तो सरसकट लागू करणे मला चुकीचे वाटते. तेथे पहाटेचे पाणी थंड असले तरी गुदमरलेले असू शकते, आणि सूर्य दोन-तीन तास वर आल्यावर किंवा समुद्राचे ताजे पाणी भरतीबरोबर आत शिरल्यावर मासे हालचाल करू लागतात. याला एक मजेदार अपवाद आहे. टार्पन हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि ती हवाभरल्या पिशवीतून शोषून घेतो, त्यामुळे इतर मासे निघून गेलेल्या निस्तेज पाण्यातही तो लोळताना दिसतो. त्याला लोळताना पाहून पाणी उत्तम आहे असा निष्कर्ष काढू नये.

उभा_किनारा

पहाटेविषयीचा हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. तळाशी प्राणवायू संपल्यावर मासे नेमके कुठे जातात, याची एखादी नोंदलेली घटना सांगता येईल का?

खाजणवासी

अलाबामातील मोबाइल बे या उपसागराच्या पूर्व काठावर उन्हाळ्यात घडणारी ‘ज्युबिली’ ही सर्वांत प्रसिद्ध घटना होय. नदीचे हलके गोडे पाणी वर आणि खारे जड पाणी खाली, असे दोन थर तेथे तयार होतात. खालच्या थरातील प्राणवायू कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांमुळे संपतो. पूर्वेकडून मंद वारा आला की वरचे पाणी काठापासून दूर ढकलले जाते, आणि त्याची जागा घेण्यासाठी तळाचे पाणी काठाकडे सरकते. त्यात भरती चढत असेल तर लेप मासे, खेकडे आणि कोळंबी या पाण्यापुढे ढकलली जाऊन सूर्योदयापूर्वी अगदी काठाला येऊन साचतात. ते तिथे खायला आलेले नसतात, ते श्वासासाठी आलेले असतात, म्हणून अशा वेळी गळाला लावलेल्या आमिषाकडे ते सहसा फिरकत नाहीत.

याच प्रक्रियेचे मोठे रूप म्हणजे मिसिसिपी नदीच्या मुखापुढे दर उन्हाळ्यात तयार होणारा मृतपट्टा. तेथे तळाच्या पाण्यातील प्राणवायू लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली जातो. २०१७ साली त्याचे क्षेत्र सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर मोजले गेले होते. अशा वेळी तळाशी राहणारे मासे पट्ट्याच्या कडेला दाटतात किंवा मधल्या थरात वर येतात, आणि त्यामुळे तळाशी सोडलेला गळ रिकामा परत येतो.

उत्तरवारा

वरील चर्चा उन्हाळ्याची झाली. उपोष्ण किनाऱ्याचे वेगळेपण मात्र हिवाळ्यात दिसते, कारण उष्ण कटिबंधातील मासे येथे आपल्या सहनशक्तीच्या अगदी कडेवर राहत असतात. फ्लोरिडातील स्नूक हा मासा पाणी १५ अंशांच्या आसपास आले की खाणे जवळजवळ थांबवतो आणि १० अंशांच्या जवळपास काही काळ राहिल्यास मरतो. जानेवारी २०१० मध्ये तेथे लांबलेल्या थंडीने स्नूक इतक्या मोठ्या प्रमाणावर मेले की आखाताच्या बाजूला ते पकडून ठेवण्यावरील बंदी सप्टेंबर २०१३ पर्यंत उठली नव्हती. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्ससच्या किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेल्याचा अंदाज राज्याच्या वन्यजीव विभागाने दिला होता. खोल समुद्राला एवढी थंडी जाणवतही नाही. हे नुकसान उथळ खाजणांत होते, कारण तेथील पाणी एका रात्रीत हवेच्या मागे मागे थंड होते.

गळ टाकणाऱ्याला मात्र दररोजच्या कामासाठी मृत्यूच्या तापमानापेक्षा बदलाचा वेग अधिक उपयोगी पडतो. पाणी कित्येक दिवस १८ अंशांवर स्थिर असेल तर मासे त्याला सरावतात आणि नियमित खातात. तेच पाणी दोन दिवसांत २३ वरून १८ वर आले असेल तर मासे खोल पात्रात किंवा मुखाच्या डोहात जाऊन निपचित राहतात. म्हणून आजचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही, त्याच्या शेजारी मागील तीन दिवसांचे आकडे असले पाहिजेत.

उत्तर गोलार्धात थंड हवेची आघाडी येण्याआधी वारा दक्षिणेकडून येतो, ढग दाटतात आणि हवेचा दाब उतरतो. या काही तासांत मासे चांगले खातात, असा अनुभव बहुतेक किनाऱ्यांवरून सांगितला जातो. आघाडी गेल्यावर वारा उत्तरेकडे फिरतो, आकाश निरभ्र होते आणि मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावरील उपसागरांतले पाणी वाऱ्याने बाहेर ढकलले जाते. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत दुपारी उशिरा, काळसर चिखलाच्या तळावर ऊन पडून जिथे पाणी दोन अंशांनी तरी तापले असेल, तिथे शोध घ्यावा. हिवाळ्यात पहाटे उठण्याचे कष्ट घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

दाबमापक

हवेच्या दाबाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण दाब उतरला की मासा खातो, असे वाक्य कारण म्हणून सर्रास वापरले जाते. हवेच्या दाबातील १ हेक्टोपास्कलचा फरक पाण्याच्या सुमारे १ सेंटिमीटर खोलीइतका असतो. एक सामान्य आघाडी दाबात १० ते १५ हेक्टोपास्कलचा बदल घडवते, म्हणजे माशाच्या दृष्टीने १० ते १५ सेंटिमीटर वर-खाली होणे. भरती-ओहोटीमुळे त्याच माशाच्या डोक्यावरील पाणी दिवसातून याच्या कितीतरी पट बदलते आणि मासा स्वतःही सतत खोली बदलत असतो. त्यामुळे दाब हे थेट कारण असण्याची शक्यता मला फारच कमी वाटते. दाबाबरोबर येणारा वारा, कमी झालेला प्रकाश आणि गढूळ होणारे पाणी यांमुळे भक्ष्याला शिकारी दिसेनासा होतो, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक आहे. दाबमापक जरूर पाहावा, परंतु तो वाऱ्याची पूर्वसूचना म्हणून पाहावा.

चांदणे

आपण चंद्राला सगळेच बाजूला सारत आहात, त्याविषयी नम्रपणे असहमती नोंदवतो. जॉन अल्डेन नाइट यांनी १९२६ मध्ये मांडलेला चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून खाण्याच्या वेळा सांगणारा सिद्धान्त आजही असंख्य लोक वापरतात, आणि नासाऊ ग्रूपरसारखे मासे हिवाळ्यातील पौर्णिमेच्या सुमारास अंडी घालण्यासाठी एकत्र येतात, हे तर सर्वमान्य आहे.

दाबमापक

प्रजननाचा संबंध मी नाकारत नाही. परंतु प्रजननासाठी पौर्णिमेला जमणे आणि कोणत्याही मंगळवारी चंद्र डोक्यावर आला म्हणून भूक लागणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या दाव्यातील बराचसा भाग प्रवाहाने आणि रात्रीच्या उजेडाने समजावता येतो. पौर्णिमेच्या रात्री उजेडात पोटभर खाल्लेला मासा दुसऱ्या दिवशी सकाळी सुस्त असतो, असे अनेकांचे निरीक्षण आहे आणि ते तर्काला धरून आहे.

चांदणे

रात्रीच्या उजेडाचा मुद्दा मान्य आहे. मी चंद्राला पहिल्या ऐवजी शेवटच्या क्रमांकावर ठेवायला तयार आहे, यादीतून काढायला मात्र तयार नाही.

निळा_प्रवाह

उघड्या किनाऱ्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. महासागरांच्या पश्चिम कडेने उष्ण प्रवाह ध्रुवाकडे वाहतात. गल्फ स्ट्रीम, कुरोशिओ, अगुल्हास, ब्राझील प्रवाह आणि पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह ही त्याची उदाहरणे होत. उपोष्ण किनारे उबदार राहण्याचे हे एक मोठे कारण आहे. परंतु प्रवाह जवळ असूनही किनाऱ्यालगतचे पाणी अचानक थंड होऊ शकते. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेचा वारा किनाऱ्याला समांतर काही दिवस वाहिला की पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे समुद्राकडे सरकते आणि तळाचे थंड पाणी वर येते. वर उन्हाने तापलेला पातळ थर आणि खाली काही अंशांनी थंड पाणी, अशी स्थिती असते. तळावरचे मासे आमिषाला तोंड लावत नाहीत आणि वरचा माणूस घामाघूम होऊन आश्चर्य करीत राहतो.

थंड पाणी नेहमी वाईट असते असे मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मे ते जुलैच्या दरम्यान थंड पाण्याची अरुंद पट्टी किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकते आणि तिच्याबरोबर तारलीचे प्रचंड थवे क्वाझुलू-नातालपर्यंत येतात. ज्या वर्षी ही पट्टी तयार होत नाही किंवा किनाऱ्यापासून दूर राहते, त्या वर्षी थवे काठावरून दिसत नाहीत. फ्लोरिडात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बोय मासे दक्षिणेकडे स्थलांतर करतात, तेव्हा टार्पन, स्नूक आणि मुशी त्यांच्या मागे किनाऱ्याला लागतात. अशा काळात भरतीचे कोष्टक, चंद्र आणि दाब या तिन्हींना भक्ष्याची उपस्थिती मागे टाकते. थवा समोर असेल तर बाकीचे हिशेब करत बसू नये.

लाटांच्या बाबतीत केवळ उंची वाचू नये, दोन लाटांमधील कालावधीही वाचावा. ५ सेकंदांच्या अंतराने येणारी एक मीटरची लाट त्रासदायक असते, परंतु १२ सेकंदांच्या अंतराने येणारी तेवढीच लाट बरीच अधिक ऊर्जा घेऊन येते, किनाऱ्याजवळ ती अधिक उंचावते आणि खडकावर उभ्या असलेल्या माणसाला दोन लाटांमधील शांततेने फसवते. शिवाय अंदाजातील उंची ही सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे अधूनमधून तिच्या जवळजवळ दुप्पट लाट येणार, हे गृहीत धरावे. नावेने बाहेर जाणाऱ्यांनी प्रवाहाविरुद्ध वाहणारा वारा टाळावा. उत्तरेकडे वाहणाऱ्या गल्फ स्ट्रीमवर उत्तरेचा वारा लागला, किंवा अगुल्हासवर नैर्ऋत्येचा वारा लागला, तर लाटा आखूड, उभ्या आणि धोकादायक होतात.

गोडे_खारे

पावसाळी पाण्याविषयी दोन शब्द. मुसळधार पावसानंतर खाडीत गोडे पाणी वर पसरते आणि खारे पाणी त्याखाली पाचरीसारखे राहते. क्षारता न मोजता पृष्ठभाग पाहून संपूर्ण खाडी ‘गेली’ असे लोक मानतात. प्रत्यक्षात मुखाजवळच्या खोल पात्रात मासे असतात, आणि गढूळ पाणी व निळसर पाणी जिथे रेषेने वेगळे दिसते, तिथे भक्ष्य साचते. त्या रेषेच्या स्वच्छ बाजूने आमिष आणून गढूळ बाजूला न्यावे.

पाण्याला तपकिरी-लालसर छटा असेल, काठावर मासे मरून पडले असतील आणि वाऱ्याबरोबर खोकला येत असेल, तर मात्र तिथून निघावे. फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर करेनिया ब्रेव्हिस या सूक्ष्म शैवालाचा ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालेला बहर २०१९ च्या सुरुवातीपर्यंत टिकला होता. या शैवालाचे विष लाटांच्या तुषारांतून हवेत मिसळते. पाण्याचा रंग नेहमीच बदलतो असे नाही, त्यामुळे घशाची खवखव हा अधिक लवकर मिळणारा इशारा आहे. उन्हाळ्यातील निमखाऱ्या कोमट पाण्यात उघडी जखम घेऊन उतरू नये, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण अशा पाण्यात व्हिब्रिओ जातीचे घातक जिवाणू वाढतात.

नवी_काठी

या सर्व प्रतिसादांवरून मी असा क्रम लावत आहे : आधी मागील तीन दिवसांचे तापमान, मग वारा, मग प्रत्यक्ष प्रवाह, आणि शेवटी घड्याळ व चंद्र. उन्हाळ्यात बंदिस्त पाणी असेल तर प्राणवायू सर्वांत आधी. हा क्रम योग्य आहे का? आणि तापमान कुठे मोजावे? बोयावरील (पाण्यात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या मापनयंत्रावरील) आकडा पुरेसा असतो का?

खाजणवासी

क्रम योग्य आहे. केवळ वाऱ्याचे स्थान उथळ खाजणात तापमानाच्याही वर न्यावे, कारण तिथे तापमान आणि पातळी दोन्ही तोच ठरवतो.

बोयावरील आकड्याविषयी सावध राहावे. २४ जुलै २०२३ रोजी फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळील मॅनाटी बे येथील यंत्राने पाण्याचे तापमान ३८.४ अंश सेल्सिअस नोंदवले आणि ‘समुद्र तापला’ अशी बातमी जगभर गेली. ते यंत्र अत्यंत उथळ, बंदिस्त आणि गढूळ पाण्यात आहे, जिथे ऊन थेट शोषले जाते. नोंद त्या जागेपुरती अर्थपूर्ण होती, पण काही किलोमीटरवरील उघड्या पाण्याला ती लागू नव्हती. म्हणून यंत्र कोणत्या खोलीवर आणि कोणत्या प्रकारच्या पाण्यात बसवले आहे, ते आधी पाहावे.

शक्य असल्यास साधा तापमापक वजनाला बांधून दोरीने सोडावा, दोन-तीन मिनिटे तळाशी राहू द्यावा आणि चटकन वर घेऊन वाचावा. पृष्ठभागावरील आणि गळ जिथे ठेवणार त्या खोलीवरील, अशी दोन तापमाने लिहून ठेवावीत. दोन्हींत तीन अंशांहून अधिक फरक आढळला, तर थर पडलेले आहेत असे समजून आमिष तळाशी न ठेवता फरक सुरू होतो त्या खोलीच्या थोडे वर ठेवून पाहावे.

उत्तरवारा

हिवाळ्यासाठी यात एकच भर घालतो. तेव्हा वरचा थर थंड आणि डोहाचा तळ उबदार असा उलटा क्रम सापडू शकतो, विशेषतः वर गोडे पाणी असेल तर. त्या वेळी आमिष तळालाच ठेवावे आणि ते अगदी सावकाश ओढावे. त्या तापमानाला मासा पाठलाग करीत नाही.